खुरपं ठेवा, वही उघडा

पत्र:

"मी मूळची ठाण्याची. लातूर जिल्ह्यातल्या एका लहान गावात, जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत माझं हे तिसरं वर्ष. पहिली ते पाचवी मिळून ४१ मुलं. जुलैत आम्ही शाळेच्या मागे परसबाग केली. चार वाफे: मेथी, पालक, भेंडी, गवार. मुलं खूश होती. तिसऱ्या आठवड्यात एका मुलाचे वडील आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, 'आमी पोरगं शेतातून सुटावं म्हणून शाळंत घातलंय, अन् तुमी परत खुरपंच हातात देलाव.' त्यानंतर दोन पालकांनी तालुक्याच्या इंग्रजी शाळेची चौकशी केल्याचं कानावर आलं. मुख्याध्यापक म्हणतात, वाफे राहू द्या, 'झाडे लावा, पाणी वाचवा' अशी चित्रं काढून घ्या, तेवढं पुरे. खरं सांगायचं तर मला शेतीतलं काही येतही नाही. भुईमूग मुळाला लागतो असं मी वर्गात सांगितलं, तर तिसरीतली मुलगी म्हणाली, 'न्हाई बाई, आऱ्या सुटत्यात.' आणि परवा एकाने विचारलं, 'बाई, फवारणी वाईट असती का? माझे पप्पा फवारतेत.' मी विषय बदलला. हे सगळं सोडून द्यावं का?"
– एक शिक्षिका, लातूर जिल्हा

प्रिय बाई,

सोडून देऊ नका. पण जे चाललं आहे ते आहे तसंही चालू ठेवू नका.

आधी त्या वडिलांबद्दल. चारचौघांत बोलले, ते तुम्हाला लागलं असणार. पण त्या बोलण्यात मला राग कमी आणि भीती जास्त दिसते. ज्याने जन्मभर वाकून खुरपलं त्याला खुरपं पाहून श्रमप्रतिष्ठा आठवत नाही, पाठीचं दुखणं आठवतं. शेतातून बाहेर पडायचा त्याच्या घरातला एकच दरवाजा म्हणजे तुमची शाळा. त्या दरवाजातून आत पाठवलेलं पोरगं त्याला पुन्हा वाफ्यात बसलेलं दिसलं. त्याच्या जागी मी असते तर मीही बोलले असते.

मी तीस वर्षं खेड्यांतल्या शाळांमध्ये शिकवलं. सुरुवातीच्या वर्षांत आम्हीही अशीच बाग केली होती. एका शनिवारी चौथीतल्या एका मुलाच्या हातात खुरपं देताना त्याचा तळवा मला दिसला. चारही बोटांच्या बुडाशी घट्टे पडलेले. पहाटे आईबरोबर खुरपायला जाऊन, आंघोळ करून तो शाळेत आला होता. मी त्याला जे शिकवणार होते ते त्याच्या हाताला आधीच येत होतं. मग मी मान वर करून इतरांकडे पाहिलं. दुकानदाराचा मुलगा आणि ग्रामसेवकाची मुलगी झारीने पाणी घालत होती, आणि खुरपत होती ती सगळी मजुरांची मुलं. ही वाटणी मी केली नव्हती. ती आपोआप झाली होती, आणि तोवर माझ्या ध्यानातही आली नव्हती. उद्या तुमच्या चार वाफ्यांपाशी जाऊन नुसतं उभं राहा. खुरपं कुणाकडे, झारी कुणाकडे, झाडू कुणाकडे ते बघा. मुली काय करतात, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं काय करतात तेही बघा. त्या वडिलांना जे दिसलं ते कदाचित तुम्हालाही दिसेल.

मग शेती शाळेच्या बाहेरच ठेवायची का? जोतिराव फुल्यांनी १८८२ साली, इंग्रज सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगाला जे निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शाळेत काय शिकवावं ते सांगितलं आहे. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, आणि त्यांच्याच पंगतीला शेतीचं प्राथमिक ज्ञान. शाळेला जोडून नमुन्याचं एक छोटं शेत असावं, तिथे मुलांना प्रत्यक्ष शिकवता येईल, असंही त्यांनी त्यात म्हटलं आहे. शेतकऱ्याच्या पोराने शिकून गुलामीतून सुटावं म्हणून ज्याने आयुष्य वेचलं, त्याच माणसाला शाळेत शेती हवी होती. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. फुल्यांना शेतीतले कष्ट शिकवायचे नव्हते, ते लोकांना येतच होते. त्यांना शेतीची विद्या द्यायची होती. हिशेब आणि शेती त्यांनी एका पंगतीत बसवली, कारण अडाणी कुणबी कुठे आणि कसा नागवला जातो हे त्यांनी जवळून पाहिलं होतं.

तेव्हा माझं सांगणं एवढंच. जे काम मूल घरी करतंच ते शाळेत करून घेऊ नका. घरी जे कुणी मोजत नाही ते शाळेत मोजा.

म्हणजे काय, ते आत्ता ऑगस्टातच सुरू करता येईल असं सांगते. तुमच्या शाळेच्या कुंपणापलीकडे सोयाबीन असणार, महिना-दीड महिन्याचं. एखाद्या पालकाला विचारून चार-पाच रोपं घ्या. उपटू नका. उपटलं की बारीक मुळं तुटतात आणि जे बघायचं तेच मातीत राहतं. रान ओलं असताना भोवतालच्या ढेकळासकट रोप काढा (इथे खुरपं लागेल, ते तुमच्या हातात असू द्या) आणि बादलीतल्या पाण्यात बुडवून ठेवा. काळी माती हळूहळू सुटते, खाली बसते, आणि मुळांवर गाठी दिसायला लागतात, काही मोहरीएवढ्या तर काही ज्वारीच्या दाण्याएवढ्या. त्या मुलांना मोजू द्या. प्रत्येक गट आपल्या रोपाचा आकडा फळ्यावर लिहील. एकाच्या रोपाला ३० निघतील, दुसऱ्याच्या रोपाला ८. का, हा प्रश्न तुम्हाला विचारावा लागणार नाही.

मग एक गाठ नखाने फोडायची. आतून गुलाबी-लाल निघाली तर ती कामावर आहे. तिच्यातले रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र धरून झाडाला देताहेत. पांढरी निघाली तर अजून काम सुरू झालेलं नाही, हिरवट किंवा तपकिरी निघाली तर तिचं काम उरकलं. तो लाल रंग ज्या पदार्थाचा, तो आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा भाऊबंद आहे. मग झाडाला रक्त असतं का, असं कुणीतरी विचारेलच. रक्त नसतं, पण प्राणवायू धरून ठेवण्याचं काम झाडानेही तशाच रंगाच्या पदार्थावर सोपवलं आहे, एवढं उत्तर पाचवीपर्यंत पुरतं. त्या संध्याकाळी तुमच्या ४१ पैकी बऱ्याच घरांत कुणीतरी बांधावर बसून गाठ फोडेल. वर्षानुवर्षं सोयाबीन पेरणाऱ्या कितीतरी लोकांनी गाठी पाहिल्या आहेत, पण फोडून आतला रंग पाहिलेला नाही. पेरणीआधी बियाण्याला जिवाणू संवर्धक कशासाठी चोळायचं, हे पाकिटावरच्या मजकुरापेक्षा त्या गुलाबी ठिपक्याने लवकर समजतं. आणि पोरगं शाळेतून घरी काहीतरी घेऊन आलं, हे बापाला दिसतं.

दुसरं, पाऊस. सरळ अंगाची एक बाटली घ्या, मानेकडचा भाग कापून उलटा बसवला की नरसाळं झालं. तळाला खडे, खडे बुडतील एवढं पाणी, पाण्याच्या पातळीला शून्याची खूण, तिथून वर मोजपट्टी. रोज एका मुलाने ठरल्या वेळी बघायचं, वहीत लिहायचं आणि पाणी पुन्हा शून्यावर आणून ठेवायचं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. पाचवीच्या मुलांना शाळेचं छत मोजू द्या. ६० चौरस मीटर छतावर २० मिलिमीटर पाऊस पडला तर १२०० लिटर पाणी नुसतं वाहून गेलं. उन्हाळ्यात टँकरची वाट बघितलेल्या गावात हा गुणाकार कुणाला वेगळा शिकवावा लागत नाही.

यातली घरच्यांच्या कामाची गोष्ट पुढे आहे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, असं कृषी विभाग दर जूनला सांगतो. आणि दर जूनला माणसं आभाळाकडे बघून तिफण काढतात, कारण आपल्या रानात नेमका किती पडला हे सांगणारं कुणी नसतं. २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पडला तर अतिवृष्टी धरतात, पण तो आकडा महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाचा असतो आणि ते यंत्र तुमच्या गावात असेलच असं नाही. मुलांच्या नोंदीने सरकारी आकडा बदलणार नाही, हे त्यांना खरंखरं सांगा, उगाच आशा लावू नका. पण पुढच्या मृगात चौथीतली पोर आजोबांना "आजवर ५८ झाला, अजून थांबा" असं म्हणाली, तर तिचं शिक्षण कुठल्या कामाचं हा प्रश्न त्या घरात तरी कुणी काढणार नाही.

बियाण्याचंही तसंच. १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, वर ओलं गोणपाट घालून गुंडाळी करायची, सावलीत ठेवून पाणी शिंपडत राहायचं, सहा-सात दिवसांनी उलगडून चांगले कोंब मोजायचे. सोयाबीनचे ७० आले तर एकरी ३० किलो बियाणं पुरतं. ६० आले तर किती लागेल? ३५ किलो. हे गणित पुस्तकातल्या पेरू-चिक्कूच्या गणितापेक्षा अवघड नाही, पण ते चुकलं तर घराला भोगावं लागतं. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलंच नाही म्हणून मराठवाड्यात तक्रारींचा ढीग लागला होता, दुबार पेरणी करावी लागली होती. तुमच्या पाचवीतल्या मुलांच्या घरी ते साल आजही निघत असेल. जूनच्या मध्याला शाळा उघडते तेव्हा या चाचणीला उशीर झालेला असतो. म्हणून ती एप्रिलमध्ये, सुट्टी लागण्याआधी शिकवा, मे महिन्यात मुलं घरी करतील. तालीम मात्र दसऱ्याच्या सुमाराला हरभऱ्यावर करून घ्या. हरभऱ्याला प्रमाण ८५ चं आहे. दोन्ही पिकांचे आकडे वेगळे का, हे तुमच्या एखाद्या पालकाला विचारा. सोयाबीनच्या दाण्याचं साल किती नाजूक असतं, पोतं आदळलं तरी उगवण कशी घसरते, हे तो तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा चांगलं सांगेल.

आता ताटाकडे येऊ. पहिली ते पाचवीच्या मुलामागे पोषण आहारात रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल धरलेलं आहे. एक दिवस तराजू वर्गात आणा आणि एका मुलाचा वाटा कोरड्या शिध्यात वेगवेगळ्या वाट्यांत मांडून दाखवा. मुलांनी तो हाताने उचलून बघावा. मग ४१ ने गुणा. भाजी रोज दोन किलोच्या वर लागते. तुमचे चार वाफे आठवड्याला किती देतात ते तोलून लिहा. दोन किलो रोज निघणार नाहीत हे मी आत्ताच सांगते, आणि मुलांना ते कळणं हीच त्या परसबागेची कमाई. दोन किलो भाजीमागे किती जागा लागते, किती पाणी, किती दिवस, हे एकदा कळलं की ताटातली मेथी टाकू नका असं बजावावं लागत नाही. तेव्हा वाफे मोडू नका. आठवड्यातून एकदा अर्धा तास, सगळ्यांनी आळीपाळीने, आणि मातीत हात गेला की त्याच दिवशी वहीत नोंद. एवढीच शिस्त ठेवा.

त्याच तराजूपाशी एक प्रश्न विचारा: यातलं आपल्या गावात काय पिकतं? तांदूळ नाही. डाळ कदाचित. तेल पिशवीतलं. आणि गावभर जे उभं आहे ते सोयाबीन कुणाच्याच ताटात नाही. ते आडतीवर जातं, तिथून कारखान्यात, आणि त्याचं तेल पिशवीत बसून दुकानात परत येतं. यावर तुम्ही मत देऊ नका. सोयाबीनने त्या भागातल्या माणसाला रोकड पैसा दिला आहे, आणि तो सोडून जवस-करडई पेरा हे सांगायचा अधिकार शाळेला नाही. पण मुलांना आजीकडे पाठवा. तिच्या लहानपणी या रानात काय होतं? उडीद, मूग, अंबाडी, करडई, जवस, पिवळी ज्वारी. जमिनीखालच्या पेवात धान्य कसं ठेवायचे, पेव उघडल्यावर लगेच आत का उतरू द्यायचे नाहीत? त्या कोंडलेल्या हवेची गोष्ट आजी सांगेल आणि कार्बन डायऑक्साइडचं नाव तुम्ही सांगा. दोन्ही एका दिवशी झालं तर उत्तम.

आणि तुमच्याकडे येळवस आहे! मार्गशीर्षातल्या अमावस्येला लातूर-धाराशिवकडे गाव ओस पडतं, सगळे रानात. तीन वर्षांत तुम्हालाही कुणीतरी बोलावलंच असेल. कडब्याची कोप, मडक्यातलं आंबील, बाजरीचे उंडे, आणि ती बऱ्याच भाज्या-दाण्यांची एकत्र शिजवलेली भज्जी. या वर्षी त्या सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाला एकच विचारा: तुमच्या भज्जीत काय काय होतं, आणि त्यातलं काय तुमच्या रानातलं, काय शेजाऱ्याचं, काय बाजारातलं? हिरवा हरभरा, तुरीचे दाणे, वाल, गाजर, मेथी, चिंच, जे निघेल ते तीन रकान्यांत मांडा. दरवर्षी हाच तक्ता करा आणि जुने तक्ते भिंतीवर राहू द्या. पाच वर्षांनी बाजाराचा रकाना वाढला की रानाचा, ते मुलं तुम्हाला वाचून दाखवतील. पिकांची विविधता या शब्दाचा धडा मी खूप वर्षं शिकवला, पण भज्जीतून तो जसा कळतो तसा मला फळ्यावर कधी समजावता आला नाही.

आता फवारणी. तुम्ही विषय बदलला ते मी समजू शकते, पण या एका प्रश्नावर गप्प राहू नका. तो मुलगा तुम्हाला दोन गोष्टी विचारत होता: फवारणी धोक्याची आहे का, आणि माझा बाप वाईट आहे का. दुसऱ्याचं उत्तर आधी द्या. बाप वाईट नाही. अळीने पीक खाल्लं तर घर चालत नाही म्हणून तो फवारतो, आणि त्या धोक्यात सगळ्यात पुढे तो स्वतः उभा असतो. मग पहिल्याचं: हो, धोका आहे. २०१७ च्या पावसाळ्याअखेरीस यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. ही गोष्ट लहान मुलांना सांगू नका, पण तुमच्या मनात असू द्या.

आपल्याकडे सगळे त्याला 'औषध' म्हणतात. औषध आणलं, औषध मारलं. पहिलीच्या लेकराला औषध म्हणजे खोकल्याची बाटली. हा शब्द वर्गात एकदा तरी उलगडून सांगा: झाडासाठी म्हणतात औषध, पण माणसाच्या पोटात गेलं तर विष. मग फळ्यावर डब्यावरचा चौकोन काढा, टोकावर उभा केलेला, खालच्या अर्ध्या भागात रंग. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरव्याचा अर्थ सुरक्षित असा नाही, सगळ्यात कमी विषारी एवढाच. रिकामे डबे मात्र मुलांना कधीही आणायला सांगू नका, एकही नाही. चित्र पुरतं. तो डबा पाण्याला, तेलाला, शौचाला न्यायला वापरायचा नाही, हे पाठ करून घ्या. पंप भरायला लेकरांनी पाणी ओतायचं नाही, फवारलेल्या रानात त्या दिवशी जायचं नाही, फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात मिसळायचे नाहीत. वाऱ्याची दिशा शिकवायचीच आहे ना परिसर अभ्यासात? काठीला कापडाची पट्टी बांधून शिकवा आणि सांगा, पप्पा फवारत असतील तर वारा त्यांच्या पाठीकडून यायला हवा. कुणाला चक्कर आली, मळमळलं, घाम सुटला, डोळ्यापुढे अंधारी आली तर फवारणी थांबवायची, कपडे बदलून साबणाने अंग धुवायचं, १०८ ला फोन करायचा आणि डबा डॉक्टरांना दाखवायला बरोबर न्यायचा. यात कुठेही बापाला दोष नाही. उलट लेकरू बापाची काळजी घेऊन घरी जातं. सेंद्रिय की रासायनिक हा वाद प्राथमिक शाळेत नको. तो पुढे आयुष्यभर आहेच.

एका बाबतीत फार जपून राहा. एकराचा जमाखर्च शिकवावासा वाटेल, आणि शिकवाच: बियाण्याची बॅग, खताचं पोतं, पेरणीचं भाडं, खुरपणी, फवारणी, काढणी, मळणी एका बाजूला आणि क्विंटलला मिळालेला भाव दुसऱ्या बाजूला. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये ठरला होता. बाजारात प्रत्यक्ष काय मिळाला तो त्याच्याशेजारी लिहा. पण कुणाच्याही घरचे खरे आकडे वर्गात उघडे करू नका. 'शाळेचं एक एकर' असं मनातलं शेत धरा आणि चार-पाच जाणत्या माणसांना विचारून त्याचे आकडे भरा. कुणाच्या घरी कर्ज आहे, कुणाची जमीन गहाण पडली, कुणाकडे जमीनच नाही. दहा वर्षांचं मूल हे सगळं जाणून असतं आणि ते झाकायची धडपड करत असतं. एखाद्या लेकराच्या घरात याहून वाईटही घडून गेलेलं असेल. मराठवाड्यात शिकवताना हे क्षणभरही विसरायचं नाही. शेतकऱ्यांची दैना हा निबंधाचा विषय तुमच्या शाळेत नको.

तुम्हाला शेती येत नाही, याची मला अजिबात काळजी वाटत नाही. भुईमुगाच्या बाबतीत ती मुलगी बरोबर होती. फूल वर, पानांच्या बेचक्यात येतं. ते फळलं की तिथून एक आरी खाली वाकते, मातीत शिरते, आणि तिच्या टोकाला शेंग भरते. शेंग मुळाला लागत नाही. उद्या वर्गात स्पष्ट सांगा की माझं चुकलं होतं, आणि तिला फळ्यावर आऱ्यांचं चित्र काढायला बोलवा. शेतकऱ्याच्या घरी जे कळतं ते शाळेत ज्ञान म्हणून धरलं जातं, हे त्या पोरीला एकदा कळलं की बाकीचीही बोलायला लागतील. घरचं सगळंच खरं असतं असं मात्र नाही. आजोबा म्हणाले म्हणून लिहून घेऊ नका, तेही मोजून बघा. वाफे चार आहेतच. दोघांचं म्हणणं वेगळं निघालं तर एका वाफ्यात एकाचं, दुसऱ्यात दुसऱ्याचं.

हे सगळं तुम्ही एकट्याने पहिल्यांदा करताय असं वाटू देऊ नका. १९४५ साली ताराबाई मोडकांनी आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे कोसबाडला गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात गेली. गुरं सोडून या, असं त्यांनी मुलांना म्हटलं नाही, गुरं राखा एवढंच शिका, असंही म्हटलं नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. कलबागांनी १९८३ पासून माध्यमिक शाळांसाठी जो अभ्यासक्रम उभा केला, त्यात शेती-पशुपालनाशेजारी अभियांत्रिकी आहे, ऊर्जा आहे, आरोग्य आहे. जमलं तर एकदा पाबळला जाऊन या.

मुख्याध्यापकांशी भांडू नका. 'झाडे लावा'ची चित्रं काढू द्या, पण त्याआधी मुलांना गेल्या वर्षी लावलेली रोपं मोजायला न्या. किती लावली होती, किती जगली, मेलेली कशाने मेली, शेळीने की पाण्यावाचून? मग चित्र काढलं तरी त्यात खरी शेळी येईल.

राहिले ते वडील. त्यांना शाळेत बोलावून समजूत घालू नका, आणि 'उत्तम शेती' ही म्हण त्यांच्यासमोर चुकूनही काढू नका. तुम्ही त्यांच्याकडे जा, संध्याकाळी, कामावरून आल्यावर. एवढंच म्हणा की तुमचं म्हणणं मला पटलं, खुरपण्याचं काम मी कमी केलं, आता आठवड्यातून एकदा अर्धाच तास, तोही सगळ्यांना आळीपाळीने. मग मुलाची वही दाखवा, पावसाच्या नोंदीची, गाठींच्या आकड्यांची. ती चाळून झाली की विचारा, बियाणं आपटलं तर उगवण का कमी होते, हे एक दिवस मुलांना येऊन सांगाल का? नाही म्हणाले तरी वही त्यांच्या हातात राहू द्या. पोराने काय शिकावं हे शेवटी त्यांचं पोरगं ठरवेल. ते तलाठी होवो, नर्स होवो, रानात राहो, पावसाचं गणित तिन्हीकडे लागेल.

सोमवारी रोपं काढा. गाठी गुलाबी निघाल्या की पांढऱ्या, आणि सगळ्यात जास्त कुणाच्या रोपाला होत्या, ते मला नक्की कळवा.